बोलता येईल इतपत

"बोला की काईतरी, तात्या."

"मी? तू बोल की."

"तुमी इचारायचं आन मी सांगायचं. सरांनी तसंच सांगितलंय."

म्हस्कूनं लुनाची मूठ जरा सैल केली आणि डोकं खाजवलं. जन्मभर मेंढरांमागं हिंडलेला माणूस. त्याला शीळ घालायला सांगा, हाळी द्यायला सांगा. सकाळच्या पारी पोटच्या पोराशी गप्पा मारायच्या म्हणजे अवघडच काम. शेळगाव मागं पडलं होतं. बारामतीची वाट सरळ पुढं पसरलेली, दोन्ही अंगाला ऊस, आणि शेजारून जोतीराम सायकल मारत होता. दूधवाल्याची जुनी सायकल, कॅरिअर नि मडगार्ड काढून टाकलेली.

पोराला शर्यतीत उतरायचं होतं. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, मधे कुठं बसायचं नाही, दिवस कलेपर्यंत. ट्रायथलॉन म्हणतात म्हणे त्याला. पुण्याच्या सरांनी त्याच्या आठवड्याचे दिवस वाटून दिले होते. दोन दिवस सायकल अशी हाणायची की तोंडातून शब्द फुटता कामा नये. बाकीचे दिवस सोपे. त्या दिवशी बोलता आलं पाहिजे, वाक्य मधेच तुटता कामा नये. तुटलं तर समजायचं वेग जास्त झाला, आणि हळू घ्यायचं. आता एकट्यानं जाताना बोलणार कुणाशी? म्हणून आज चुलत्याची लुना मागून आणली होती, आणि लुनावर तात्या.

हळू चालवून माणूस जोरात कसा व्हायचा, हे म्हस्कूला काही केल्या उमगत नव्हतं. त्यात येणारेजाणारे गप्प बसतील तर शपथ. लासुर्ण्याजवळ ट्रॅक्टरवरून एक जण ओरडला, "म्हस्कूराव, आजारी कोन हाय? सायकल का पोरगं?"

"सोपा दिवस हाय आज!" म्हस्कूनं ओरडून सांगितलं. आपण काय सांगितलं ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

"इचारा की, तात्या."

"त्या काळ्या मेंढीची कोकरं कशी हायती?"

"एक बरं हाय. दुसरं जरा मऊ पडलंय, पर आईनं त्याला बाटलीनं दूध पाजलंय आन चुलीजवळ पोत्यावर निजवलंय, हुईल दोन दिसांत उभं."

एवढं लांबलचक वाक्य, कुठंही तुटलं नाही. म्हस्कूला आपणच पास झाल्यासारखं वाटलं. मग त्यानं उसाचं विचारलं, शेजारच्या बानूबाईच्या गुडघ्याचं विचारलं, कालव्याला पाणी कधी सुटणार ते विचारलं. पोरगं न अडखळता सांगत होतं. विषय मात्र संपले. म्हणजे एक उरला होता.

"संभाजीराव येनार हायती दुपारी."

"व्हय."

बावड्याचे संभाजीराव. त्यांची एकुलती लेक मुक्ता, पाटाच्या पाण्याखालचं रान, आणि अट एकच, जावई त्यांच्या घरी राहायचा. पोराला पुण्याहून शर्यतीची सायकल आणून देतो, हेही ते आपणहून बोलले होते. म्हस्कूलाही पोरगं एकच. घरात विषय काढला की जोतीराम ताटातली नजर वर न उचलता म्हणायचा, तुमी म्हणाल तसं. आणि आपण काय म्हणणार, ते म्हस्कूला ठाऊक नव्हतं. दुपारी मात्र हो किंवा नाही, एक काहीतरी सांगणं भाग होतं.

"जोत्या, तुला जायचंय का बावड्याला? माझं सोड. तुझं तू सांग."

"मला..." जोतीराम म्हणाला. "म्हंजे तात्या, तसं... त्यांचं..."

वाक्य तुटलं.

म्हस्कूनं लुनाच्या काट्याकडं पाहिलं. काटा होता तिथंच होता. समोरून वारं नव्हतं. रस्ता परातीसारखा सपाट.

"हळू घे," तो म्हणाला. नेम म्हणजे नेम.

जोतीरामनं हळू घेतलं.

"आता सांग."

"मी गेलो तर... तुमी आन आई..."

"आनखी हळू घे."

सायकल इतकी हळू झाली की पुढचं चाक डुलायला लागलं. लुनाला खोकला आला. पायी चालणारा सहज पुढं निघून गेला असता. पोराची छाती तरीही वरखाली होतच होती.

दम तुटतोय एवढं म्हस्कूला कळलं. पण कुठल्या अंगाला तुटतोय? जायचंय आणि सांगवत नाही, का जायचं नाही आणि सांगवत नाही? तुटलं तर हळू घ्या, एवढंच सर म्हणाले होते. इतकं हळू घेऊनही तुटलं तर पुढं काय, हे विचारायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"आरं, आमचं काय," म्हस्कू म्हणाला. "मी आन तुजी आई... हितं आमी दोघं... तू तिकडं..."

त्याच्याही तोंडातून पुढचं येईना. तो तर नुसता बसून होता. सगळं काम इंजिन करत होतं.

जोतीरामनं पाय टेकले. लुना फटफट करून बंद पडली. बापालाही आता धाप लागली होती.

मागून एक म्हातारी शेळ्या घेऊन आली. शेळ्या दोघांच्या दोन्ही बाजूंनी पुढं सरकल्या. एकीनं सायकलची सीट हुंगली, नाक उडवलं आणि निघून गेली. म्हातारी मात्र थांबली. तिनं धापा टाकणाऱ्या पोराला पाहिलं, धापा टाकणाऱ्या बापाला पाहिलं. मग रस्ता मागं निरखला, पुढं निरखला.

"येवढा दम लागाय," ती म्हणाली, "ह्या वाटंला चढ कुठं हाय रं, बाबांनो?"