आदेशची खबर

"आत ये बाला, दारात नको उभा राहूस," काशीबाई म्हणाली. सुशीलनं चपला बाहेर काढल्या.

येतो म्हणून त्यानं कालच फोन केला होता. रोह्याहून एसटीत बसल्यापासून काय बोलायचं ते घोकत होता. रामवाडीला उतरून घर सापडेपर्यंत निम्मं विसरला.

घरात दोघीच होत्या. आदेशची आई काशीबाई जन्मभर मिठागरात राबलेली. बायको नम्रता गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायची. नम्रताच्या कपाळावर टिकली होती, गळ्यात मंगळसूत्र. अजून मानायला तयार नाही बिचारी, सुशीलला वाटलं.

"तुमाला तिकडनं कागद आला असंल ना, काकी?"

"आला व्हता. त्यांच्या भाषेत, दोन ओळी. तूच सांग काय झाला ता. तू व्हतास ना त्याच्या संगती?"

होता तर. सुशील रोह्याजवळच्या वरशाचा, आदेश इथला. डोलवीच्या पोलाद कारखान्यात दोघं कंत्राटी कामावर एकाच शिफ्टला. एजंटनं परदेशात गोदामात हेल्परचं काम सांगितलं आणि दोघं एकाच विमानानं गेले. उतरल्यावर पासपोर्ट काढून घेतले, परक्या लिपीतल्या कागदांवर सह्या घेतल्या, आणि पंधराव्या दिवशी हातात बंदूक आली.

त्या देशात लढाईला लढाई म्हणायचीही बंदी होती. मोहीम म्हणायचं. छावणीतला म्हातारा आचारी एकदा कोबी चिरता चिरता चुकून 'लढाई' बोलून गेला. दुसऱ्या दिवशी कोबी दुसराच माणूस चिरत होता. म्हाताऱ्याचं काय झालं, हे कोणी कोणाला विचारलं नाही.

"त्याचा व्हिडिओ टीव्हीवर बगितला आमी," नम्रता म्हणाली. "आमाला फसवून आणलाय, सोडवा म्हणून सांगत व्हता तो."

"व्हय वहिनी. त्या व्हिडिओमुळंच सरकार हललं. मी घरी आलो तो त्याच्यामुळं."

"आनि तो?"

सुशीलनं चहाचा कप खाली ठेवला. "आमी खंदकात व्हतो. वरून ड्रोन आला. आदेश माझ्या बाजूलाच व्हता. त्याला कायसुदीक कळलं नाय, काकी. जागच्या जागी गेला. माती मी माझ्या हातानं दिली."

काशीबाईच्या डोळ्यांत पाणी आलं नाही.

"शेवटाला काय बोलला?"

"तुमचं नाव घेतलं."

"त्याला कळला नाय म्हनलास ना?" नम्रता म्हणाली.

सुशील अडखळला. "म्हंजे... त्याच्या आदी. सकाळी."

"व्हिडिओत सगल्यांची तोंडा रुमालानं बांधलेली," नम्रतानं विचारलं. "आवाजपण बदललेला. मंग काढला कोणी, ता तिकडल्या सायबाला कसा कळला?"

"नाय माहीत, वहिनी."

माहीत होतं. छावणीच्या साहेबानं तिथल्या सातही भारतीयांना एकेक करून खोलीत घेतलं होतं. बाहेर रांगेत उभं असताना आतलं ओरडणं ऐकू यायचं. सुशीलची पाळी आली तेव्हा टेबलावर त्याचा पासपोर्ट ठेवलेला होता आणि बाजूला कोरा कागद. सुशीलला घरची पोर आठवली. तो निघाला तेव्हा ती नुकती बसायला लागली होती. त्यानं आदेशचं नाव लिहिलं, खाली सही केली.

त्याच संध्याकाळी आदेशला जीपमध्ये घालून नेलं. महिन्याभरानं हजेरीच्या यादीत त्याच्या नावावर रेघ दिसली. ड्रोन, खंदक, माती हे सगळं सुशीलनं परतताना विमानात बसून जुळवलं होतं. निदान म्हातारीला झोप तरी लागेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं होतं.

"तुझी पोरगी केवढी झाली?" काशीबाईनं एकदम विचारलं.

"दोन वर्षांची. प्रणिता."

"सुखात र्‍हावूंदे."

तो पाया पडायला वाकला. काशीबाईनं पाय मागे घेतले. दुःखात माणूस असंच वागतं, असं समजून तो सरळ झाला.

"काकी, अजून काय विचारायचं असंल तर विचारा. मी कायपण लपवलं नाय."

काशीबाईनं लांब श्वास घेतला. "परवापासनं मना एकच ऐकवतोय," ती म्हणाली. "'सुशीलनं नाव दिला असंल, तर त्याचा कायतरी नाइलाज असंल. तो आपल्या पायानं घरी येल, खरा काय ता सांगंल, नि मी त्याला माफ करन.'"

"कोण ऐकवतोय, काकी?"

ती उठली आणि आतल्या खोलीच्या दारापाशी गेली.

"ऐकलास ना सगला, आदेश? ये आता बाहेर."