दर ठोक्याला तुकडा

अंतरपाटाआड उभ्या हेमांगीला एकदम आठवलं, भाकरीचे तुकडे घरीच राहिले!

पायाशी तिचा भुंग्या थरथरत होता. दिवाळीत फटाक्यांना भिऊन हा कुत्रा दोन दिवस कणगीमागं दडला होता. म्हणून लग्नाआधी महिनाभर मामांनी परात बडवली, आधी परसात, मग ओसरीवर, मग अगदी त्याच्या कानाशी. दर ठोक्याला ती त्याला तुकडा भरवायची. आता ताशा वाजला आणि तुकडा मिळाला नाही, तर बिचारा थेट हमरस्त्यावर धावणार.

"मामा, भाकरी!" ती कुजबुजली.

"अगं, परात आणली ना मी आठवणीनं!" पाठीशी उभे मामा म्हणाले.

"सावधान!" ताशा कडाडला, सनई उठली, अक्षता बरसल्या. पायाजवळची ऊब सर्रकन निसटली. अंतरपाट दूर झाला, तर समोर नवरदेवच नाही!

तो खाली उकिडवा बसला होता. शेरवानीच्या खिशातून भाकरी काढून भुंग्याला भरवत होता.

"महिनाभर फोनवर दुसरं काही बोललीस का गं?" ताशावर आवाज चढवून तो म्हणाला.

हार चुकवायला त्याला खांद्यावर उचलण्यासाठी टपलेले मित्र कपाळाला हात लावून बसले. हेमांगीनं खदखदा हसत, टाचा न उचलता, त्याच्या गळ्यात हार घातला.

दमून ताशेवाला थांबला, तसा भुंग्या त्याच्यावरच भुंकू लागला. नवरदेवाच्या खिशात अजून अर्धी भाकरी होती.