पंचविसावं नाव

मतदानाआधी लोकांचा कल टिपत फिरणाऱ्या सर्वेवालीने पत्र्याची पेटी मांडीवर घेतली आणि दोन्ही हात झाकणावर ठेवले. पक्षाच्या कार्यालयात तिला मानाने बसवलं होतं. खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं. फक्त दाराला आतून कडी घातली होती.

टेबलापलीकडे भाऊ होते. साठी उलटलेले, शांत. या वस्तीत तीस वर्षं पक्ष म्हणजे भाऊ आणि भाऊ म्हणजे पक्ष. त्यांनी कधी आवाज चढवला नाही. ते काम शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या मेहुण्याकडे होतं.

मेहुण्याचं मागणं साधं होतं. पेटी उघडायची, चिठ्ठ्या टेबलावर ओतायच्या, अर्ध्या तासात होती तशी बंद करून द्यायची. यंदा मत कुणाला, याची खूण प्रत्येक चिठ्ठीवर होती. चिठ्ठीमागे आकडा होता, आणि कुठला आकडा कुठल्या घराचा ते तिच्या वहीत होतं. मतदानाला आठ दिवस राहिले होते. मागच्या खेपेला सगळ्या राज्याचं पारडं याच मतदारसंघाने फिरवलं होतं, तेही दोनशे अकरा मतांनी. आपल्यातलं कोण फुटलंय, एवढंच त्याला बघायचं होतं.

तसं करता येत नाही, ती म्हणाली. लोकांना शब्द दिलाय.

मेहुणा हसला. शब्द तर लोकांनी आम्हालाही दिलाय म्हणाला, म्हणून तर मोजून बघायचाय.

चिठ्ठ्यांवर काय आहे ते तिलाही ठाऊक नव्हतं. पण सकाळपासून तिने माणसं पाहिली होती. कुणी दार लोटून घेतलं, कुणी बायकोला आत पाठवलं, एका म्हातारीने खूण करून झाल्यावर पेन्सिलीचं टोकच मोडून टाकलं. आणि कोपऱ्यावरचा रंगारी तिला माहीत होता. यंदा बदल हवा, असं तो महिन्यापूर्वी चार लोकांत बोलून गेला. तेव्हापासून त्याच्या नळाला पाणी नव्हतं, आणि नळ दुरुस्त करायला वस्तीत कुणाला वेळ नव्हता.

मेहुण्याने खणातून स्क्रूड्रायव्हर काढून टेबलावर ठेवला.

"कुलूप नाजूक आहे ताई," तो म्हणाला. "मोडायला लावू नका."

तिने भाऊंकडे पाहिलं. भाऊ तिच्याकडे बघत नव्हते. भिंतीला नव्या पोस्टरांचा गठ्ठा टेकवला होता, त्यावर त्यांची नजर होती. पोस्टरावरचा उमेदवार तीन आठवड्यांपूर्वी समोरच्या पक्षाच्या मंचावर होता. भाऊंना त्याने भरसभेत खुर्च्या उचलणारा म्हटलं होतं. त्याच आठवड्यात मंगळवारी तो या पक्षात आला, बुधवारी त्याला तिकीट मिळालं. आता त्याच्या जोडलेल्या हातांखाली, अगदी तळाशी, पोस्टाच्या तिकिटाएवढे भाऊ होते.

सर्वेवालीने वही उघडली. आजची नावं पंचवीस होती, चोवीस झाली होती.

"भाऊ, यादीत तुमचंही नाव आहे," ती म्हणाली. "तुमची चिठ्ठी राहिलीय. उघडायचीच असेल तर आधी तुमची पडू द्या."

नुसता वेळ काढायला म्हणून ती बोलली होती. मेहुणा पुढे झाला. भाऊंना काय विचारायचं, त्यांचं मत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आणा इकडे, मीच खूण करतो.

"माझी मी करतो," भाऊ म्हणाले.

तिने चिठ्ठी आणि पेन्सिल दिली. एकच खूण करा, घडी घाला, कुणी बघणार नाही, असं सकाळपासून चोवीस वेळा म्हटलेलं वाक्य म्हटलं. भाऊंनी चष्मा लावला. तीस वर्षं पक्षाचं मीठ खाल्लेल्या माणसाला खूण करायला कितीसा वेळ लागतो? पेन्सिल कागदापर्यंत गेली आणि थांबली. बाहेरून प्रचाराची गाडी उमेदवाराच्या नावाचा गजर करत गेली. तो आवाज विरेपर्यंत पेन्सिल तशीच होती. मेहुणा खांद्यावरून डोकावला, तशी भाऊंनी चिठ्ठी तळहाताने झाकली.

मग ते उठले. कोपऱ्यात गेले, दोघांकडे पाठ केली आणि चिठ्ठी भिंतीवर धरून खूण केली. एक घडी, दुसरी, तिसरी. कागद आणखी दुमडेना, तेव्हा येऊन तो पेटीच्या फटीतून आत सोडला.

मेहुण्याने स्क्रूड्रायव्हर उचलला. भाऊंनी तो त्याच्या हातातून घेतला, खणात टाकला आणि खण लावला. मग पेटी स्वतः काखोटीला मारली, कडी काढली आणि सर्वेवालीला म्हणाले, चला, गाडीपर्यंत येतो. मेहुणा मागून हाका मारत होता. भाऊ वळले नाहीत.

टळटळीत दुपार होती. गल्लीत लोक ओट्यांवर, उंबऱ्यांवर होते. भाऊंच्या काखेत त्यांना पेटी दिसली. आधी पलीकडचं एक दार लागलं, मग त्याच्या शेजारचं. सकाळी पेन्सिल मोडणारी म्हातारी भिंतीला धरून उठली आणि आत गेली. गल्ली संपेपर्यंत एकही दार उघडं राहिलं नाही.

गाडीपाशी सर्वेवालीच्याने राहवलं नाही.

"भाऊ, तुम्ही पेटी फोडलीत असं वाटतंय त्यांना," ती हळूच म्हणाली. "मी सांगू का जाऊन?"

भाऊंनी पेटी तिच्या हातात दिली.

"वाटू द्या," ते म्हणाले. "खरं कळण्यापेक्षा ते बरं."