वाटसरूचे तारे

"तीन तारे," ऑब्री पेंगेली म्हणाला आणि हातातला टोस्ट त्याने बशीत टाकला. "मागच्या वेळी चार दिले होते. आता तीन."

मर्नाने वळूनही पाहिलं नाही. तिच्या नवऱ्याची सकाळ अशीच उजाडायची. आधी चष्मा, मग फोन, मग मोटेलला मिळालेले तारे, आणि उरल्या वेळात बायको.

"काय लिहिलंय ते तरी वाच."

"खोली स्वच्छ. गादी उत्तम. पण म्हातारा मालक पाहुण्यांच्या बॅगा स्वतः उचलतो. बघवत नाही. खाली नाव, वाटसरू." ऑब्रीने फोन पालथा ठेवला. "म्हातारा म्हणे. आणि बघवत नसेल तर डोळे मिट ना बाबा."

मर्ना दोन वर्षं हेच सांगत होती. पण बायकोचं बोलणं ऑब्रीच्या कानाला पंख्याच्या घरघरीसारखं झालं होतं. चालू आहे की बंद, कळायचंच नाही. तारे मात्र सगळं जग बघतं. संध्याकाळच्या आत त्याने बॅगांसाठी दोन ढकलगाड्या मागवल्या.

ऑस्ट्रेलियातल्या मुल्यारा गावात मोटेलं दोनच. महामार्गाच्या एका बाजूला ऑब्रीचं, बरोबर समोर त्याच्या धाकट्या भावाचं, लिंडनचं. एकोणीस वर्षांपूर्वी वडिलांच्या मोटेलची वेबसाइट काढायची की नाही, यावरून दोघांचं वाजलं. "रस्त्यावरची पाटी पुरे आहे," ऑब्री म्हणाला होता. "पाटी फक्त रस्त्यावर असलेल्यालाच दिसते," लिंडन म्हणाला आणि निघून गेला. त्याने समोर स्वतःचं मोटेल बांधलं. चार वर्षांत ऑब्रीला झक मारत इंटरनेटवर जावं लागलं. पण तुझं खरं होतं, एवढं सांगायला तो रस्ता ओलांडून गेला नाही. लिंडनही आला नाही. मधून लांबलचक ट्रक धडधडत जात राहिले.

महिन्याभराने वाटसरूने पुन्हा लिहिलं. नाश्त्याला नुसतं बेकन आणि सॉसेज, मालक स्वतःही तेच हाणतो, त्यामुळे दुसरं काही मागायची लाज वाटते. तारे दोन.

ऑब्रीने रागारागाने ओट्सची पोती आणली. पाहुण्यांना दिसावं म्हणून स्वतःही रोज वाडगाभर लापशी त्यांच्यासमोर बसून खाऊ लागला.

"हे तूच लिहितेस," एकदा त्याने मर्नाला गाठलं.

"मला सांगायचं असलं की मी तोंडावर सांगते. तारे वाटत बसायला मला वेळ नाही."

"मग लिंडन. मला खाली ओढायला."

मर्नाने फोन घेतला आणि त्या वाटसरूचं पान उघडलं. त्याने दोनच ठिकाणांबद्दल लिहिलं होतं. एक ऑब्रीचं मोटेल. दुसरं समोरचं. समोरच्याला त्याने एकच तारा दिला होता: मालक हेकट आहे, स्वतःचंच खरं करतो.

ऑब्रीने ते दोनदा वाचलं. त्याचा चेहरा खुलला.

"माणूस पारखी आहे," तो म्हणाला.

म्हणूनच पुढचं त्याला जास्त लागलं. वाटसरूने लिहिलं होतं: मालक झाडांना पाणी घालताना मध्येच खांब धरून उभा राहतो. डावा हात चोळतो. आधी डॉक्टरकडे जा, मग मोटेल चालवा. एक तारा.

त्या एका ताऱ्याने ऑब्रीची सरासरी लिंडनच्या खाली गेली.

"जातोच डॉक्टरकडे," तो म्हणाला. "ठणठणीत आहे असं लिहून घेतो, त्याचा फोटो काढतो आणि टाकतो तिथेच, सगळ्यांना दिसेल असा."

"टाक," मर्ना म्हणाली. तिने गाडीची किल्ली आधीच हातात घेतली होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी पाहिली आणि त्याला उठूच दिलं नाही. दुपारी रुग्णांना नेणारं विमान आलं. ॲडलेडला गेल्यावर कळलं की हृदयाच्या दोन शिरा जवळजवळ बंद झाल्या होत्या. आणखी महिना गेला असता तर विमान बोलवावंच लागलं नसतं, असं तिथल्या डॉक्टरने अगदी सहज सांगितलं. मर्ना बाहेर जाऊन रडली आणि तोंड धुऊन परत आली.

सहा आठवड्यांनी ऑब्री घरी आला. दहा किलो उतरला होता, बोलणंही उतरलं होतं. पहिल्याच सकाळी त्याने चष्मा लावला, फोन घेतला आणि एका बोटाने बराच वेळ टाइप करत बसला.

"काय लिहितोस?"

त्याने वाचून दाखवलं. "वाटसरू, तुम्ही कोण ते मला माहीत नाही. तुमच्या एका ताऱ्यामुळे मी जिवंत आहे. या वाटेने पुन्हा आलात तर आमच्याकडेच उतरा. एक रात्र फुकट. मला तुमचा हात हातात घ्यायचा आहे. ऑब्री पेंगेली."

"फुकट? आणि तू?" मर्ना म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून जरा वेळ तशीच उभी राहिली.

चार दिवस उत्तर आलं नाही. ऑब्री दर तासाला फोन बघायचा. तो माणूस कदाचित पर्थला असेल, मर्ना म्हणायची, गाडी चालवत असेल, वाचलं नसेल.

पाचव्या दिवशी दुपारी ऑफिसचं दार उघडलं. ऑब्री वहीत मान घालून बसला होता. त्याने सवयीने आधी खिडकीतून गाडी कुठली आहे ते पाहिलं. बाहेर गाडी नव्हती. मग त्याने दाराकडे पाहिलं. समोर लिंडन उभा होता, केस पार पांढरे झालेले, खांद्याला एक छोटी बॅग.

 लिंडनने खिशातून फोन काढला आणि टेबलावर त्याच्यापुढे सरकवला.

"एक रात्र फुकट, असं लिहिलंयस," तो म्हणाला. "कुठली खोली देतोस?"