डब्यातलं पनीर

नवनाथ उंबऱ्यातच बसला. तोंड, मान, छाती, सगळं लालभडक.

"पुन्हा उठलं अंगावर," तो म्हणाला. "सुपरवायझरनं अर्ध्या शिफ्टला घरी धाडलं. उद्या बायकोला घेऊन ये म्हणाला."

कावेरी पदराला हात पुसत पुढे आली. मागच्याच आठवड्यात ती सायली गावातल्या त्याच्या कंपनीत जाऊन त्या सुपरवायझरशी भांडून आली होती. "आमचे मालक पीत नाहीत साहेब, त्यांना आजार आहे!" गेटवरची माणसं हसली. हसणारच. गुजरातेत दारूबंदी, म्हणून वापीहून लोक प्यायला इकडे सिल्वासात येतात. इथे लाल तोंडाच्या माणसाला आजार आहे म्हटलं तर कोण ऐकून घेणार? पण बाई हटली नाही. डॉक्टरांचं बोलणं तिनं घडाघडा म्हणून दाखवलं. हिस्टामिन म्हणून काहीतरी असतं, ते यांच्या अंगाला सोसत नाही. शिळं, आंबवलेलं, लोणचं पोटात गेलं की तोंड असं पेटतं. घरचं, त्याच दिवशीचं पनीर चालेल. दारूचा मात्र थेंबही नको.

"तिला तर ते शिवतही नाहीत," असं तिनं डॉक्टरांनाही छातीठोकपणे सांगितलं होतं.

शेवटी सुपरवायझर म्हणाला, "ठीक आहे बाई. तुझ्या शब्दावर ठेवतो याला."

तेव्हापासून ती रोज पहाटे उठून दूध फाडायची, पनीर करून डब्यात द्यायची. लोणच्याची बरणी तिनं शेजारच्या कुसुमताईंना देऊन टाकली. स्वतःही तसंच मिळमिळीत जेवायची. नवऱ्यासमोर चटणीभाकर खायला तिला जड जायचं.

"काय खाल्लं होतं?" तिनं विचारलं.

"काय खाणार? तू दिलेलं पनीर! शिळं असेल. धड बघून देत जा ना."

 कावेरीनं त्याच्या हातातला डबा घेतला. जड लागला. झाकण काढलं. दोन भाकरी आणि दुधीची भाजी, सकाळी भरली तशीच्या तशी.

पनीर नव्हतंच. आज दूधवाला उशिरा आला, नवनाथ कामावर गेल्यावर. पनीर तिनं आत्ता कुठे केलं होतं.

आता बोला! तिला वाटलं, डबा त्याच्या अंगावर भिरकावून द्यावा, ओरडावं, सगळी चाळ गोळा करावी. पण तिनं डबा तसाच हातात धरला. त्याच्या तोंडाचा वाससुद्धा तिनं घेतला नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला? रागापेक्षा तिला लाजच जास्त वाटली, त्या गेटवर हात नाचवून बोललेल्या आपल्याच शब्दांची.

तेवढ्यात कुसुमताई दाराशी आल्या. "काय गं, भाऊंना पुन्हा त्रास झाला? काय आलं खाण्यात?"

नवनाथनं मान खाली घातली.

कावेरीनं डब्यावर झाकण दाबून बसवलं.

"पनीर, ताई," ती म्हणाली. "माझंच चुकलं. शिळं दिलं गेलं."

तिच्यामागे मोरीच्या नळाला पनीरचं फडकं टांगलेलं होतं. त्यातून कोमट पाणी अजून ठिबकत होतं.