काचेला बोट लावू नका

"वहिनी, त्यांना सांगा, काचेला बोट लावू नका."

धाकटा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून बोलला. थोरला त्याच्यापासून हातभर अंतरावर, मोटारसायकलच्या दिव्यात तोंड खुपसून बसला होता. मध्ये थोरल्याची बायको जिन्याखालच्या अंधारात टॉर्च धरून उभी होती.

"काचेला बोट लावू नका म्हणतायत भाऊजी," तिने निरोप पोचवला.

"त्याला सांग, मी शाळेत भूमिती शिकवतो. बल्ब कसा धरायचा ते मला कळतं," थोरला म्हणाला आणि नवा बल्ब गुपचूप फडक्यात गुंडाळून ठेवला.

दोघा भावांचं बोलणं चार वर्षं बंद होतं. फाटक आत उघडावं की बाहेर, यावरून वाजलं होतं. तेव्हापासून घराला फाटकच नव्हतं. दोन खांब नुसते एकमेकांकडे बघत उभे असायचे. खाली थोरला राहायचा, वर धाकटा. धाकटा वायरमन होता. अख्ख्या गल्लीचे दिवे तोच दुरुस्त करायचा. पण त्याला 'एवढा बल्ब बदलून दे' म्हणायचं, तर थोरल्याचं नाक कापलं जाणार. म्हणून रविवारी सकाळी त्याने स्वतःच बाह्या सरसावल्या होत्या.

पहिलाच स्क्रू घरंगळला. तिघांनी गुडघ्यांवर रांगत तो शोधला. सापडला धाकट्याला. त्याने तो वहिनीच्या हातात दिला, वहिनीने नवऱ्याच्या.

मग दिवा पुढे आला, रबराची टोपी निघाली, जुना बल्ब सुटला. थोरल्याने तो उजेडाकडे धरला.

"बघ, आतली तार तुटलीय."

बायकोने डोळे बारीक केले. तिलाही तुटलेली दिसली. धाकट्याने मान लांब करून पाहिलं आणि या वेळी काहीच निरोप दिला नाही.

तासाभराने शेवटचा स्क्रू बसला. "त्याला सांग, झालं." थोरल्याचा आवाज चढला होता.

"झालं म्हणतायत."

"ऐकलं."

थोरल्याने खिशातून किल्ली काढली. ती आत जाईना. त्याने फुंकर मारली, उलटी घालून पाहिली, तेलाचा थेंब सोडला. किल्ली ढिम्म. त्याची कानशिलं तापली. बल्ब बसवता बसवता आपण कुलूपच बिघडवलं, आणि तेही याच्यासमोर!

धाकटा उठला. त्याने स्वतःच्या खिशातली किल्ली काढली, घातली, फिरवली. दिवा लख्खकन लागला.

थोरला आधी किल्लीकडे बघत राहिला, मग नंबराच्या पाटीकडे. वडिलांनी दोघांना एकाच दिवशी एकाच रंगाच्या गाड्या घेऊन दिल्या होत्या, भांडण नको म्हणून. थोरल्याची पलीकडे, भिंतीला लागून उभी होती.

"ही... तुझी गाडी?"

"ही तुमची गाडी का, असं विचारताय..." बायको सवयीने म्हणाली आणि तिने जीभ चावली.

"हो."

"मग आधी बोलता येत नव्हतं, गाढवा?"

धाकटा दिव्याची काच सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिला.

"तू इतक्या मायेने माझा चांगला बल्ब काढत होतास, दादा, की मला थांबवावंसंच वाटेना."