अकरा वेळा चुकलेलं गणित

इंटिग्रेशनचं ते एकच गणित बारकीनं अकरा वेळा सोडवलं आणि अकराही वेळा उत्तर आलं आठ छेद तीन. पुस्तकाच्या मागे छापलं होतं तीन छेद आठ. कॅल्क्युलसची तिला इतकी शिसारी आली, की नुसती वही दिसली तरी ती उचलून दप्तरात कोंबायची. शेवटी तिनं क्लासच्या सरांना विचारलं.

"एवढंही जमत नाही, आणि म्हणे इंजिनिअर व्हायचंय!" सरांनी आधी पुस्तकाचं मागचं पान उघडून पाहिलं, मग खडू उचलला आणि चार ओळींत तीन छेद आठ आणून दाखवलं. वर्ग खो खो हसला. घरी येऊन बारकीनं आईपुढे वही आपटली, "मला नाही व्हायचं इंजिनिअर!"

दुसऱ्या दिवशी मामेबहिणीनं त्याच पुस्तकाची नवी आवृत्ती आणून दिली. तिच्यात उत्तर सुधारून छापलं होतं, आठ छेद तीन. बारकीनं ते पान थेट सरांच्या नाकासमोर धरलं.



सरांनी शांतपणे फळा पुसला आणि पुन्हा चारच ओळींत आठ छेद तीन आणून दाखवलं. वर म्हणाले, "कालपासून कानीकपाळी हेच ओरडतोय मी. लक्ष कुठे असतं तुमचं?"